सीमेवरची राणी : पोर्तुगालची संत इसाबेल

दरवर्षी ४ जुलै रोजी ख्रिस्तसभा पोर्तुगालची राणी संत एलिझाबेथ हिचे स्मरण करते. तिच्या देशात तिला इसाबेल म्हणतात, आणि हे नाव आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबांनाही परके नाही. तिची मूर्ती बहुधा ओटीत गुलाबाची फुले घेतलेली असते. गरिबांसाठी ती लपवून पाव नेत असता राजाने हटकले आणि पावाच्या जागी गुलाब दिसले, ही कथा अनेक वाचकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली असेल. हीच कथा हंगेरीच्या संत एलिझाबेथविषयीही सांगितली जाते. ती संत आपल्या इसाबेलच्या आजीची सावत्र बहीण होती आणि तिच्यावरूनच इसाबेलचे नाव ठेवले गेले. म्हणून गुलाबांची गोष्ट आम्ही येथेच सोडून देतो. ख्रिस्तसभेने या राणीला शांतिदूत मानले ते फुलांमुळे नव्हे. एका राज्यात गादीचा वाद पेटला की शेजारच्या राज्यातील शांतता किती लवकर ढळते, हे तिने आयुष्यभर पाहिले आणि त्या दोन आगींच्या मध्ये ती उभी राहिली.

इसाबेलचा जन्म सुमारे १२७१ साली आरागॉनच्या राजघराण्यात झाला. आजच्या स्पेनच्या जागी तेव्हा अनेक राज्ये होती. पूर्वेस आरागॉन, मध्यभागी विस्तीर्ण कास्तील आणि पश्चिमेस समुद्राकाठी पोर्तुगाल, एवढी तीन राज्ये ध्यानात ठेवली म्हणजे पुढील हकिकत समजण्यास अडचण पडणार नाही. तिचे आजोबा राजा हाइमे आणि वडील पेद्रो यांच्यातील दुरावा या मुलीच्या जन्माने मिटला, असे परंपरा सांगते. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचा विवाह पोर्तुगालचा तरुण राजा दिनिस याच्याशी ठरला आणि १२८२ मध्ये त्रांकोसो या गावी ती पतीच्या स्वाधीन झाली. त्याच वर्षी सिसिली बेटावर फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला व तिच्या वडिलांनी तेथील मुकुट स्वीकारला. परमगुरुस्वामींनी त्यांना बहिष्कृत केले आणि १२८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने आरागॉनवर स्वारी केली. एका बेटावरचा उठाव दूरच्या माहेरावर फौज आणतो, हा धडा तिला कोवळ्या वयातच मिळाला.

दिनिस हा कर्तबगार राजा होता. शेती, जंगले, व्यापार यांकडे त्याने लक्ष पुरविले, विद्यापीठ स्थापिले, स्वतः कविताही रचल्या. पती म्हणून मात्र तो एकनिष्ठ नव्हता. त्याला इतर स्त्रियांपासून अनेक मुले झाली आणि राणीने त्यांच्याही संगोपनाकडे लक्ष दिले असे तिचे चरित्रकार सांगतात. तिला स्वतःला दोन अपत्ये झाली : १२९० मध्ये कोन्स्तान्सा ही मुलगी आणि १२९१ मध्ये अफोन्सो हा मुलगा.

१२९५ च्या एप्रिलमध्ये कास्तीलचा राजा सांचो मरण पावला. त्याचा वारस फर्नांदो अवघा नऊ वर्षांचा होता. भरीस भर म्हणजे सांचो आणि राणी मारिया दे मोलिना हे जवळचे नातलग असून त्यांच्या विवाहाला परमगुरुस्वामींची आवश्यक सूट मिळालेली नव्हती. त्यामुळे मुलाच्या वारसाहक्कावरच बोट ठेवण्यास विरोधकांना जागा मिळाली. मुलाचा चुलता हुआन गादी मागू लागला. चुलतभाऊ अल्फोन्सो दे ला सेर्दा हाही पुढे सरसावला. मोठमोठे सरदार आपली निष्ठा लिलावात काढल्यासारखी फिरवू लागले. विधवा राणी मारिया वायादोलिद शहरात मुलाला घेऊन बसली होती आणि कोणावर विश्वास ठेवावा हेच तिला उमगत नव्हते.

शेजाऱ्यांनी काय केले? पूर्वेकडून आरागॉनच्या राजाने मुर्सियाच्या प्रदेशात सैन्य घातले. पश्चिमेकडून पोर्तुगालच्या राजाने बंडखोरांशी हातमिळवणी करून १२९६ मध्ये थेट वायादोलिदजवळच्या सिमांकासपर्यंत धडक मारली आणि परतताना कोआ नदीच्या पलीकडचे किल्ले काबीज केले. आरागॉनचा राजा हा इसाबेलचा सख्खा भाऊ आणि पोर्तुगालचा राजा तिचा पती. शेजारचे घर मोडकळीस आलेले पाहून तिच्या माहेरचा आणि सासरचा असे दोघेही भिंती उपसायला निघाले होते, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे नव्हे.

१२ सप्टेंबर १२९७ रोजी कास्तीलमधील आल्कानीसेस या गावी तह झाला. राणी मारिया आणि राणी इसाबेल या दोन स्त्रियांचे प्रयत्न या तहामागे होते, असे मानले जाते. दोन्ही राज्यांची सीमा आखली गेली. कोआ नदीकाठचा मुलूख, त्याचप्रमाणे ओलिवेन्सा व कांपो मायोर ही ठिकाणे पोर्तुगालकडे आली. ही सीमा युरोपातील सर्वांत जुन्या सीमांपैकी एक गणली जाते आणि पुढे ओलिवेन्सासारखे अपवाद वगळता ती बहुतांशी तशीच राहिली. चाळीस वर्षांच्या मैत्रीचे वचन उभयतांनी दिले. आम्हांला येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. ही शांतता निर्मळ नव्हती. बालराजाच्या अडचणीचा फायदा घेऊन मिळविलेला मुलूख तिच्या पायात होता. संतांच्या चरित्रात अशा बाबी झाकून ठेवण्याची आपली सवय आहे, पण त्या झाकल्या तर पुढे काय घडले ते कळत नाही.

तहाची किंमत मुलांनी दिली. कोन्स्तान्सा तेव्हा सात वर्षांची होती. फर्नांदोची वाग्दत्त वधू म्हणून तिला कास्तीलमध्ये राणी मारियाच्या हाती सोपविण्यात आले. तिकडून फर्नांदोची बहीण बियात्रिस, जेमतेम चार वर्षांची, अफोन्सोची भावी पत्नी म्हणून पोर्तुगालला आली. राजघराण्यांत हे रूढ होते. इसाबेल स्वतःही त्याच वाटेने आली होती. तरीही आपली मुलगी सीमेपलीकडे पाठवून दुसऱ्या आईची मुलगी आपल्या घरी वाढवायची, हे त्या दोन्ही राण्यांनी कोणत्या मनाने केले असेल, याची कल्पना मुलींचे आईबापच करू शकतील. इसाबेलने बियात्रिसला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. हीच सून अखेरच्या दिवशी तिच्या उशाशी होती.

१३०४ मध्ये कास्तील आणि आरागॉन यांच्यातील मुर्सियाचा वाद लवादाकडे गेला. लवादातील एक राजा दिनिस होता. राणीही त्याच्यासह त्या प्रवासास गेली. भाऊ एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला आणि निवाडा देणारा पती. मुर्सियाचा प्रदेश दोघांत वाटून देण्यात आला आणि काही काळ तिन्ही राज्यांत शस्त्रे म्यान झाली.

पण १३१२ मध्ये फर्नांदो ऐन तारुण्यात वारला. त्याचा मुलगा, म्हणजे इसाबेलचा नातू अल्फोन्सो, नुकताच एक वर्षाचा झाला होता. पुन्हा तेच : बालराजा, पालकत्वावरून भांडणारे चुलते, उपद्रवी सरदार. कोन्स्तान्साही त्या ओढाताणीत सापडली आणि १३१३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मरण पावली. सोळा वर्षांपूर्वी शांततेसाठी दिलेली मुलगी अशी गेली. आजी मारियाने पुन्हा एकदा राज्य सावरून धरले, पण १३२१ मध्ये तीही निवर्तली आणि कास्तीलमध्ये चार वर्षे बेबंदशाही माजली.

या वेळी पोर्तुगालने शेजाऱ्याच्या संकटाचा लाभ उठविला नाही, कारण त्याच्या स्वतःच्याच घराला आग लागली होती. दिनिसचा आपल्या अनौरस मुलावर, अफोन्सो सांचेस याच्यावर, विशेष लोभ होता. राज्य त्याच्याकडे जाईल या संशयाने युवराज अफोन्सो बापाविरुद्ध उठला. १३१९ ते १३२४ या काळात पितापुत्रांचे युद्ध चालले. राणी मुलाची बाजू घेते असा राजाचा समज झाला. तिचे उत्पन्न काढून घेऊन तिला आलेंकेर येथे राहण्यास भाग पाडण्यात आले. तिच्या नावावर फौज उभी करण्यास तयार असलेल्या सरदारांना तिने नकार दिला, असे चरित्रकार सांगतात. पुढे ती बंधन झुगारून कोइंब्राला पोहोचली व तिने पहिला समेट घडवून आणला. तो टिकला नाही. १३२३ मध्ये लिस्बनजवळ आल्वालादे येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली, तेव्हा ती खेचरावर बसून त्यांच्यामधून गेली, ही तिच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध घटना होय. लिस्बनमध्ये तिच्या स्मरणार्थ शिलास्तंभ आहे. अखेर १३२४ मध्ये समेट झाला आणि अफोन्सो सांचेस सीमेपलीकडे कास्तीलमध्ये गेला.

जानेवारी १३२५ मध्ये दिनिसचे निधन झाले. त्याच्या शेवटच्या आजारात राणीनेच त्याची शुश्रूषा केली. त्यानंतर तिने फ्रान्सिसकन तृतीय संघाचा वेष धारण केला, सांतियागो दे कोंपोस्तेला येथे तीर्थयात्रा केली आणि आपला मुकुट तेथे अर्पण केला. कोइंब्रा येथे क्लारा संघाच्या मठाशेजारी ती राहू लागली. धर्मभगिनीचे व्रत मात्र तिने घेतले नाही, कारण आपली मालमत्ता गरिबांसाठी खर्च करण्याची मोकळीक तिला हवी होती. मठाजवळ तिने रुग्णालय उभारले. तिच्या दानधर्माविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

निवृत्त झाली तरी सीमा तिला सोडत नव्हती. नवा राजा अफोन्सो याने सावत्र भावाची मालमत्ता जप्त केली आणि तो भाऊ कास्तीलच्या हद्दीतून पोर्तुगालवर छापे घालू लागला. तेथेही मध्यस्थी आईलाच करावी लागली. मग १३२८ मध्ये अफोन्सोची मुलगी मारिया कास्तीलच्या तरुण राजा अल्फोन्सोला देण्यात आली. वर आणि वधू दोघेही इसाबेलची नातवंडे. शांततेचे ओलीस ठेवण्याची जुनीच रीत पुन्हा वापरली गेली. परंतु अल्फोन्सोचे मन लेओनोर दे गुस्मान या दुसऱ्या स्त्रीत गुंतले होते. राणी मारियाला दरबारात मानाचे स्थान उरले नाही. मुलीचा अपमान बापाला झोंबला. त्यातच कास्तीलमध्ये पुन्हा बंड माजले. हुआन मानुएल आणि हुआन नून्येस दे लारा हे बलाढ्य सरदार राजाविरुद्ध गेले. हुआन मानुएलची मुलगी कोन्स्तान्सा ही पोर्तुगालच्या युवराजाला दिली होती. कास्तीलच्या राजाने तिला सीमा ओलांडू दिली नाही. १३३६ च्या उन्हाळ्यात त्याने लारा याला लेर्मा येथे वेढा घातला. पोर्तुगालच्या राजाने वेढा उठविण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली आणि युद्ध उभे राहिले. शेजाऱ्याच्या घरातील कलहात हात घालण्याची जी चूक पित्याने १२९६ मध्ये केली, तीच चाळीस वर्षांनी पुत्र करीत होता. आल्कानीसेसच्या वचनाची मुदत संपण्यास एकच वर्ष उरले होते.

इसाबेल तेव्हा सुमारे पासष्ट वर्षांची होती. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मृत मुलीचा मुलगा. कोइंब्राहून सीमेलगतच्या भागातील एस्त्रेमोझ येथे मुलगा होता. दीडशेहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास तिने भर उन्हाळ्यात केला. तेथे पोहोचल्यावर ती तापाने आजारी पडली आणि ४ जुलै १३३६ रोजी एस्त्रेमोझच्या किल्ल्यात तिने देह ठेवला. तिच्या खोलीचे पुढे प्रार्थनामंदिर झाले.

तिच्या मृत्यूने युद्ध थांबले असे काही भाविक पुस्तकांत लिहिलेले आढळते. इतिहास तसे सांगत नाही. त्याच वर्षी पोर्तुगालच्या सैन्याने बादाखोसला वेढा दिला. १३३७ मध्ये समुद्रावर लढाई होऊन पोर्तुगालचे आरमार पराभूत झाले. दोन्ही देशांच्या सीमेवरील गावांनी आणखी दोन-तीन वर्षे सोसले. परमगुरुस्वामी बेनेडिक्ट बारावे यांच्या दूतांनी प्रयत्न केले, राणी बियात्रिसनेही मध्यस्थी केली, आणि १३३९ मध्ये सेविया येथे तह झाला. चार वर्षांची असताना कास्तीलहून आलेली ती मुलगी आता पोर्तुगालची राणी होती, आणि सासूचे काम तिने आपल्या हाती घेतले होते. त्यानंतर १३४० मध्ये सालादो नदीकाठी दोन्ही राजे एकाच बाजूने लढले. त्यासाठी पित्याकडे मदत मागायला गेली ती हीच अपमानित मारिया.

इसाबेलच्या इच्छेनुसार तिचा देह जुलैच्या उन्हातून कोइंब्राला नेण्यात आला आणि क्लारा संघाच्या मठात ठेवण्यात आला. १५१६ मध्ये तिला धन्यवादित घोषित केले गेले. २५ मे १६२५ रोजी परमगुरुस्वामी अर्बन आठवे यांनी तिला संतपद बहाल केले. योगायोग असा की त्या वेळी पोर्तुगाल आणि कास्तील या दोन्हींवर स्पेनचा एकच राजा राज्य करीत होता. वसई, चौल आणि गोवा हेही तेव्हा त्याच मुकुटाखाली होते. मोंदेगू नदीच्या पुरामुळे जुना मठ सोडावा लागला, तेव्हा १६७७ मध्ये संत इसाबेलचे अवशेष टेकडीवरील नव्या मठात हलविण्यात आले. ते आजही तेथेच आहेत आणि ४ जुलै हा कोइंब्रा शहराचा सण आहे.