एल्टन मेयो : कामगाराचे मन जाणणारा अभ्यासक

कारखान्यात यंत्राला वेळच्या वेळी तेल मिळते. पण ते चालविणाऱ्या माणसाची विचारपूस कोण करतो? हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर उराशी बाळगला, ते म्हणजे प्रा. एल्टन मेयो होत.

मेयो यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे २६ डिसेंबर १८८० रोजी झाला. त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी ॲडलेड, एडिंबरो व लंडन अशी तीन शहरे पालथी घातली, पण शिक्षण अपुरेच राहिले. पुढे लंडनमध्ये कामगारांच्या महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकविले. मायदेशी परतल्यावर तत्त्वज्ञान व मानसशास्त्राचा अभ्यास करून १९११ साली ते क्वीन्सलँड विद्यापीठात अध्यापक झाले.

१९२२ साली ते अमेरिकेस गेले. फिलाडेल्फियाच्या एका गिरणीत सूतकताई विभागातील कामगार टिकत नसत. शंभर जागांसाठी वर्षाला सुमारे अडीचशे माणसे भरावी लागत. दिवसभर यंत्रामागे येरझाऱ्या, दुखणारे पाय आणि एकटेपणा यांनी ती माणसे खचत. मेयोंनी दहा-दहा मिनिटांची विश्रांती सुचविली. कामगार आडवे होऊ लागले, नोकरी सोडणे थांबले आणि उत्पादनही वाढले.

१९२६ साली ते हार्वर्डमध्ये आले व १९२८ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील संशोधनात सहभागी झाले. तेथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी ठरावीक प्रश्न विचारले जात. परंतु कामगारांना बोलायचे असे वेगळेच. तेव्हा प्रश्न बाजूला ठेवून केवळ ऐकावयाचे ठरले. आजच्या मनुष्यबळ विभागांची एक मुळी येथेच सापडते.

टीकाही पुष्कळ झाली. मेयोंनी पगार व कामगार संघटना यांना गौण मानले, ऐकून घेण्याचा उपयोग असंतोष शमविण्यासाठी होतो, असे टीकाकार म्हणतात. ७ सप्टेंबर १९४९ रोजी इंग्लंडमध्ये मेयोंचे निधन झाले.

माझे वडील सूतगिरणीत रात्रपाळी करतात. मेयोंची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "त्या दहा मिनिटांचा पगार कापत होते का रे?" मी निरुत्तर झालो. आता संगणक कामगाराचे मिनिट-मिनिट मोजू लागला आहे. उद्या मनुष्यबळ विभागाच्या खुर्चीत आपल्यापैकी कोणी बसेल. त्याने ऐकावे जरूर. पण ऐकून झाल्यावर हिशेबाची वहीही उघडावी.