बीथोव्हेन आणि त्याचा पियानो

या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो एक तंबोरा. आम्ही ज्या शाळेत अध्यापन करीत होतो तेथील संगीताच्या खोलीत मिरजेचा एक जुना तंबोरा होता. स्नेहसंमेलनाच्या धांदलीत एका विद्यार्थ्याचा धक्का लागून तो पडला व त्याच्या भोपळ्यास तडा गेला. दोष कोणाचाच नव्हता. तरीही तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. पुढे गायनशिक्षकांनी सरस लावून तडा बुजविला. आम्हांस पूर्वीच्या व नंतरच्या नादात काडीचा फरक कळेना; परंतु ते गृहस्थ तंबोरा छेडला की दर वेळी चेहरा कसनुसा करीत. वाद्य मोडले आहे हे कळण्यासही कान लागतो, हे त्या दिवशी आम्हांस उमगले. ज्याचा कान सर्वांत तीक्ष्ण होता आणि ज्याचा तोच कान गेला, अशा एका पुरुषाची हकीकत म्हणूनच येथे सांगत आहोत.

लुडविग व्हान बीथोव्हेन याचा बाप्तिस्मा जर्मनीतील बॉन या गावी १७ डिसेंबर १७७० रोजी झाला. आजोबा तेथील दरबारी संगीताचे प्रमुख होते व वडील त्याच दरबारात गायक होते. वडिलांस मद्याचे व्यसन होते आणि मुलाच्या कलेवर लवकर पैसा मिळावा ही घाई होती. मुलाला शिस्त लावण्याच्या नावाखाली त्याचा छळ करणारे पालक आम्ही पस्तीस वर्षे पाहिले आहेत, म्हणून याविषयी अधिक लिहीत नाही. इ. स. १७९२ च्या नोव्हेंबरात बीथोव्हेन व्हिएन्नास आला, हायडन या श्रेष्ठ संगीतकारापाशी काही काळ शिकला, आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत त्याच्या नावाचा दबदबा झाला.

त्या काळचे पियानो आजच्यासारखे नव्हते, हे वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या परिचयाच्या पेटीत भात्याच्या वाऱ्याने सूर निघतो. पियानोत पट्टी दाबली की आतील लहानशी हातोडी तारेवर आपटते व नाद उमटतो. आज या तारांचा ताण बिडाच्या भक्कम चौकटीवर तोललेला असतो. तेव्हा चौकट लाकडाची, तारा बारीक आणि हातोड्यांवर पातळ कातडे असे. हे वाद्य नाजूक बोटांसाठी घडविले होते, आणि बीथोव्हेनची बोटे तशी नव्हती. रायखा नावाचा त्याचा बालमित्र होता. दरबारातील एका मैफलीत मोझार्टची रचना वाजविताना पाने उलटण्यासाठी बीथोव्हेनने त्यास शेजारी बसविले. परंतु रायखाचा बहुतेक वेळ तटातट तुटणाऱ्या तारा ओढून काढण्यात व त्यांत अडकलेल्या हातोड्या सोडविण्यातच गेला. त्याने पुढे स्वतःच ही आठवण नमूद केली आहे. तरुणपणी अशा गोष्टींचे हसू येते.

परंतु तिशी गाठण्यापूर्वीच त्याच्या कानांत अखंड गुणगुण सुरू झाली होती आणि उंच सूर ऐकू येईनासे झाले होते. इ. स. १८०२ च्या ऑक्टोबरात, व्हिएन्नाजवळील हायलिगनश्टाट या खेड्यात राहत असता, त्याने आपल्या भावांस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले व त्यात ही व्यथा उघडी केली. ते पत्र त्याने कधी पाठविले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले. वास्तविक त्याच्या सर्वांत थोर रचना यापुढच्याच आहेत. रचना मनात होते, तिला कान लागत नाही; वादनाचे तसे नाही. इ. स. १८१४ साली एका नव्या रचनेची तालीम त्याच्या घरी चालली असता श्पोर हा प्रसिद्ध व्हायोलिनवादक तेथे हजर होता. पियानो अत्यंत बेसूर होता. जोरकस जागी बीथोव्हेन इतक्या जोराने आघात करी की तारा खणखणत, आणि हळुवार जागी इतका हलका हात ठेवी की सुरांचे पुंजकेच्या पुंजके उमटतच नसत. त्याच्या मनात मात्र ते उमटत होते! श्पोर तेथून खिन्न होऊन परतला.

आता मुख्य हकीकतीकडे येतो. इ. स. १८१७ साली लंडनचे पियानो बनविणारे टॉमस ब्रॉडवुड व्हिएन्नास येऊन बीथोव्हेनला भेटले. परत गेल्यावर त्यांनी सहा सप्तकांचा, भरदार नादाचा एक पियानो त्यास भेट म्हणून धाडला. लंडनमधील पाच संगीतज्ञांनी त्यावर आपली नावे लिहिली. त्यांत रीस हा बीथोव्हेनचा जुना शिष्यही होता. २७ डिसेंबर १८१७ रोजी पियानो निघाला. जहाजाने ट्रिएस्ट बंदरापर्यंत आणि तेथून डोंगराळ रस्त्याने गाडीतून व्हिएन्नापर्यंत असा तो प्रवास होता. (आमच्या तालुक्यात एस. टी.च्या टपावरून आलेल्या पेटीची काय दशा होते, ते आम्ही पाहिले आहे.) ऑस्ट्रियाच्या सरकारने त्यावरील जकात माफ केली. पियानो वाटेत असतानाच, ३ फेब्रुवारी १८१८ रोजी, बीथोव्हेनने फ्रेंच भाषेत आभाराचे पत्र लिहिले. त्यात कृतज्ञतेचा केवळ उपचार नव्हता. आपल्या क्षीण कानांस पोहोचेल असे वाद्य अखेर मिळाले, अशी त्याची आशा होती.

तो त्या पियानोस जिवापाड जपू लागला, आणि ह्या जपण्यातच घोटाळा झाला. सिप्रियानी पॉटर नावाचा तरुण इंग्रज वादक त्याच्याकडे आला असता, प्रवासात पियानोचे सूर उतरले आहेत असे त्याने नम्रपणे सुचविले. बीथोव्हेनने ते साफ उडवून लावले. सर्वांना माझा पियानो जुळविण्याच्या निमित्ताने बिघडवायचा आहे, मी कोणास हात लावू देणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. काही चरित्रकार यास विक्षिप्तपणा म्हणतात. आमचे मत निराळे आहे. दुरुस्ती चांगली झाली की वाईट, हे ज्यास स्वतः पडताळता येत नाही, त्यास कारागिराच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि बहिऱ्या मनुष्यास जगाच्या शब्दावर विसंबणे किती जड जाते, हे आम्ही आमच्या वडिलांच्या उतारवयात घरीच पाहिले.

तो कोणावरच विश्वासला नाही असे मात्र नव्हे. नानेट श्ट्राइखर ही पियानो घडविणारी कुशल कारागीर स्त्री त्याची जिव्हाळ्याची मैत्रीण होती. त्याच्या नोकरचाकरांची आणि कपड्यांची व्यवस्थादेखील ती पाही. तिच्या मागे लागून त्याने अधिक मोठ्या आवाजाचे पियानो मागितले. इ. स. १८२० च्या सुमारास तिचा भाऊ श्टाइन याने ब्रॉडवुडच्या पियानोवर नाद एकवटून कानाशी आणणारे एक यंत्र बसवून दिले. त्या काळात भेटीस येणारे लोक वहीत लिहून त्याच्याशी बोलत. याच वर्षांत त्याचे शेवटचे तीन पियानो सोनाटा जन्मास आले, आणि ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम वाजली. श्रोत्यांच्या टाळ्या त्यास ऐकू येईनात, म्हणून एका गायिकेने त्याचे तोंड सभागृहाकडे वळविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

त्याच वर्षी लंडनचा श्टुंफ नावाचा वाद्यकार त्यास भेटला. त्याने ब्रॉडवुड उघडून पाहिला तो उंच सप्तकांत नादच उरला नव्हता. तुटलेल्या तारांचा एकमेकींत गुंता झाला होता. सूर ऐकू यावा, निदान बोटांना जाणवावा, म्हणून त्या हातांनी आघात केले होते, आणि तार तुटल्याचा आवाज त्या कानांपर्यंत पोहोचला नव्हता. पुढील वर्षी रेलश्टाब हा लेखक आला. बीथोव्हेनने मोठ्या अभिमानाने इंग्लंडहून आलेली ही भेट त्यास दाखविली आणि तिचा नाद किती गोड आहे हे पटविण्यासाठी दोन्ही हातांनी एक स्वरमेळ वाजविला. उजव्या हाताच्या स्वरांशी डाव्या हाताचा खर्ज मुळीच जुळत नव्हता. बीथोव्हेन तेच पुन्हा पुन्हा वाजवीत राहिला, आणि पाहुण्यास तोंडातून शब्द काढणे अशक्य झाले.

इ. स. १८२६ च्या सुमारास ग्राफ नावाच्या कारागिराने बहुतेक स्वरांना तीनऐवजी चार तारा लावलेला पियानो त्यास वापरण्यास दिला. तो आज बॉन येथे, बीथोव्हेनच्या जन्मघरी ठेवला आहे. २६ मार्च १८२७ रोजी बीथोव्हेनचा अंत झाला. ब्रॉडवुडचा पियानो स्पिना या प्रकाशकाकडे गेला व त्याच्याकडून लिस्ट या थोर वादकास मिळाला. लिस्टने तो अखेरपर्यंत बाळगला, परंतु रोजच्या रियाजास कधी घेतला नाही असे म्हणतात. त्याच्या देणगीने तो बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आला. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात एका जाणत्या कारागिराने तो पुन्हा वाजता केला. पट्ट्यांच्या उजव्या बाजूस लंडनच्या त्या पाच जणांनी शाईने लिहिलेली नावे अजून आहेत. त्यांत रीसचेही आहे.