खेचरांच्या गाडीवरची शेतीशाळा

तालुक्यातल्या बऱ्याच शाळांच्या कपाटात एक पुस्तक हमखास सापडते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर'. १९८१ साली ते आले आणि अमेरिकेतला एक काळा शास्त्रज्ञ मराठी घरातला माणूस होऊन गेला. पण कार्व्हर म्हटले की लोकांना आठवतो तो शेंगदाणा. त्या माणसाचे खरे काम शेंगदाण्याच्या आधी सुरू झाले होते, आणि ते जमिनीचे काम होते. लांजासारख्या डोंगरउताराच्या, धुपीच्या तालुक्यात राहणाऱ्यांना ते जास्त जवळचे वाटावे.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमाराचा. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही, कारण गुलामाच्या पोराची नोंद कोण ठेवणार? मिसुरी राज्यात डायमंड नावाच्या गावाजवळ मोझेस आणि सुझन कार्व्हर हे गोरे शेतकरी जोडपे राहत होते. जॉर्जची आई मेरी त्यांची गुलाम. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलेले होते. लुटारूंच्या टोळीने एका रात्री मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मोझेस यांनी माणूस मागावर धाडला. पोर परत मिळाले, त्यापायी एक घोडा द्यावा लागला. आईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

डांग्या खोकल्याने खंगलेला हा पोरगा शेतातल्या जड कामाला उपयोगी नव्हता. म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली राहिला. धुणे, शिवण, स्वयंपाक, परसबाग असे सगळे शिकला. शेजारीपाजारी आपली मरगळलेली झाडे त्याच्याकडे आणू लागले. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण गावातली शाळा गोऱ्यांची. काळ्या मुलांची शाळा निओशोला, तेरा-एक किलोमीटरवर. बारा वर्षांच्या आसपासचा जॉर्ज एकटा चालत तिथे गेला. एका काळ्या जोडप्याने त्याला घरात ठेवून घेतले. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून त्याने पुढचे शिक्षण केले. १८८५ साली कॅन्सासमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर रंग बघून परत पाठवला. जातीचा दाखला बघून कपाळाला आठ्या घालणारी माणसे आपल्याकडेही होऊन गेली, त्यामुळे हा प्रसंग समजावून सांगायला नको.

१८९० साली आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला लागला. हात चांगला होता. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या चित्राची नोंदही घेतली गेली. पण चित्रकलेच्या बाईंनी त्याचा झाडांचा ओढा ओळखला. त्यांचे वडील एम्सच्या कृषी कॉलेजात फळबागेचे प्राध्यापक. त्यांच्या सांगण्यावरून जॉर्ज १८९१ साली तिथे गेला. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला जेवायला बसायचे ते तळघरात, कामगारांबरोबर. १८९४ साली पदवी, १८९६ साली त्यावरची पदवी. वनस्पतींवरच्या बुरशीत त्याने चांगले नाव काढले.

एम्सला असताना एका प्राध्यापकाचा लहान मुलगा त्याच्या मागे मागे माळावर फिरायचा. फुले कशी ओळखायची, गवत कसे बघायचे, ते शिकायचा. त्या मुलाचे नाव हेन्री वॉलेस. पुढे त्याने संकरित मक्याची कंपनी काढली, १९३३ साली अमेरिकेचा कृषिमंत्री झाला आणि १९४१ साली उपाध्यक्ष. १९४० मध्ये तो मेक्सिकोला जाऊन आला. तिथल्या शेतीसाठी काही करायला हवे, असे त्याने परत येऊन सांगितले, आणि त्यातून रॉकफेलर प्रतिष्ठानचे काम उभे राहिले. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग तिथे रुजू झाले आणि त्यांच्या बुटक्या गव्हाचे बियाणे १९६० च्या दशकात भारतात आले. रेशनच्या गव्हाची चपाती खाताना हा धागा लक्षात येत नाही. (आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तर बोरलॉग यांच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर काम करत होते. त्यांच्यावर एकदा स्वतंत्र लिहायला हवे.)

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामातल्या टस्कीगीला बोलावले. काळ्या मुलांसाठीची ती संस्था. कार्व्हर एम्सची बरी नोकरी सोडून गेले. तिथे शेतीखाते नावाला. प्रयोगशाळाच नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटकी भांडी, तारा गोळा केल्या आणि त्यांचीच उपकरणे केली. जमीन तर त्याहून वाईट. वर्षानुवर्षे नुसता कापूस घेऊन कस गेलेला, पावसाने घळी पडलेल्या.

आजूबाजूचे काळे शेतकरी बहुतेक वाटेकरी. जमीन मालकाची, बी-अवजारे उधारीची, दुकानही बऱ्याचदा मालकाच्याच ओळखीचे. कापूस निघाला की हिशोब व्हायचा आणि हातात काही उरायचे नाही. मालकाला कापूसच हवा, म्हणून दारापर्यंत कापूस. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना खोती आणि अर्धेलीच्या गोष्टी माहीत आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. अलाबामाच्या वाटेकऱ्याला असा कायदा कोणी दिला नाही. कार्व्हर यांनी मालकांविरुद्ध झेंडाही उचलला नाही, आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीका झाली. ती अगदीच खोटी नाही. पण ज्याच्याकडे खत घ्यायला पैसा नाही त्याने उद्या सकाळी काय करायचे, याचे उत्तर तेव्हा फार थोड्या लोकांकडे होते. ते कार्व्हर यांच्याकडे होते.

उत्तर असे. रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला काळा गाळ गोळा करा, कुजवा, शेतात घाला. उतार असेल तर आडवे नांगरा. कापसाच्या जागी एखाद्या हंगामात चवळी घ्या, शेंगदाणा घ्या. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र धरून ठेवतात, पुढच्या पिकाला तो फुकट मिळतो. चवळीवर त्यांनी १९०३ साली स्वतंत्र पुस्तिका काढली, रताळ्यावर त्याच्याही आधी. पुस्तिका साध्या भाषेत, आणि पीक कसे घ्यायचे याबरोबर घरातल्या बाईने ते शिजवायचे कसे, हेही त्यात असायचे.

इथे आपल्या राबाचा विषय निघतोच. कवळ तोडायची, पालापाचोळा आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे आणि एप्रिल-मेमध्ये भाजायचे. भाजणीमागे शहाणपण नाही असे नाही. तणाचे बी जळते, रोप जोमाने येते. पण जो पाला कुजून जमिनीत जायचा तो धूर होऊन जातो, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या उतारावर राखेतले बरेचसे वाहून जाते. गादीवाफा करून, कुजलेले खत घालून रोप करता येते. तण काढायला मजूर नाहीत ही अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पण भात कापल्यावर ओलीवर कुळीथ, चवळी, कडवा वाल टाकणारी आपली आजी कार्व्हर यांचेच शास्त्र पाळत होती. आता गुरे मोकाट म्हणून ते शेत ओसाड राहते.

पुस्तिका छापल्या, पण वाचणार कोण? बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा कार्व्हर सुट्टीच्या दिवशी घोडागाडीतून गावोगाव जाऊ लागले. १९०६ साली न्यूयॉर्कचे सावकार मॉरिस जेसप यांनी पैसे दिले आणि कार्व्हर यांनी आखलेली एक गाडी तयार झाली. खेचरांनी ओढायची. वर नांगर, बियाणे, खताचे नमुने, लोणी काढायचे यंत्र. गाडी एखाद्याच्या वावरात उभी करायची आणि त्याच्याच जमिनीत करून दाखवायचे. गाडी फिरवायला थॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीचाच विद्यार्थी नेमला गेला. तो अमेरिकी सरकारचा पहिला काळा विस्तार कर्मचारी. कृषी विस्ताराचा तिथला कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, १९१४ साली झाला. आमच्या खात्यातला माणूस आज मोटरसायकलवरून वाडीवर येतो आणि पीक प्रात्यक्षिक घेतो, त्याच कुळातली ती गाडी.

मग कापसावर बोंडातला सोंड्या किडा आला. मेक्सिकोतून टेक्सासमध्ये १८९२ च्या सुमारास शिरलेला किडा १९१० च्या आगेमागे अलाबामात पोचला. कापूस बुडाला तसे लोक शेंगदाण्याकडे वळले. अलाबामातल्या एंटरप्राइज गावाने तर १९१९ साली किड्याच्या नावाने स्मारक उभारले, कारण त्याने कापूस सोडायला लावला! कार्व्हर यांनी १९१६ साली शेंगदाण्याच्या लागवडीची आणि १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. पीनट बटरचा शोध त्यांचा, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही, त्याची पेटंटे दुसऱ्यांनी आधीच घेतली होती. शेंगदाण्याचे शेकडो पदार्थ म्हणतात त्यातलेही बरेचसे बाजारात आले नाहीत. स्वतः त्यांनी पेटंटे घेतली ती जेमतेम तीन. त्यांनी दाखवले ते इतकेच की, शेतकऱ्याने पिकवलेल्या वस्तूचे घरात आणि गावात किती प्रकारे सोने होते. काजूची बी विकून बोंडू झाडाखाली कुजू देणाऱ्या आपल्या तालुक्याला यातले काही घेता येईल. गोव्याने त्याच बोंडूवर एक धंदा उभा केला आहे.

१९२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, बाहेरून येणाऱ्या शेंगदाण्यावर जकात बसावी म्हणून उत्पादकांनी कार्व्हर यांना पाठवले. दहा मिनिटे मिळाली होती. काही सभासदांनी रंगावरून टोमणे मारले. कार्व्हर यांनी पेटीतून एकेक बाटली काढायला सुरुवात केली आणि समितीने वेळ वाढवत नेली. त्या दिवसापासून त्यांचे नाव देशभर झाले. गांधीजींसाठीही त्यांनी शाकाहाराविषयी माहिती पाठवली होती.

पैशाकडे त्यांनी लक्ष दिले नाही. लग्न केले नाही, टस्कीगी सोडले नाही. पगारातून साठलेले सुमारे साठ हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी काढलेल्या प्रतिष्ठानला दिले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी, टस्कीगीच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने डायमंडजवळची त्यांची जन्मभूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. मोझेस कार्व्हर यांचे ते शेत आजही लोक बघायला जातात.