शाळामास्तरांचा फ्रांझ

थोर संगीतकार फ्रांझ शूबर्ट ह्यांचे चरित्र पाहताना आपल्यासमोर प्रथम उभे राहते ते एका शाळामास्तरांचे साधे घर. ३१ जानेवारी १७९७ रोजी व्हिएन्नाच्या उपनगरात त्यांचा जन्म झाला. भावंडे बरीच झाली, पण त्यांच्यासह पाचच जगली. वडिलांनी त्यांना व्हायोलिन, थोरल्या भावाने पियानो, तर लिख्टेन्थाल धर्मग्रामाच्या गायकवृंदाचे प्रमुख होल्त्सर ह्यांनी गायन शिकविले.

१८०८ साली राजदरबारी चॅपेलच्या गायकवृंदात त्यांची निवड झाली आणि वसतिगृहासह मोफत शिक्षण लाभले. स्वररचना लिहिण्यास कागदही परवडत नसे. तो स्पाउन नावाचा मित्र पुरवीत असे. १८१२ साली मातृछत्र हरपले, त्याच वर्षी आवाजही फुटला. पुढल्या वर्षी देऊ केलेली शिष्यवृत्ती नाकारून त्यांनी शाळा सोडली व वडिलांच्या इच्छेनुसार शिक्षकी पेशा पत्करला.

संगीत मात्र सुटले नाही. १८१४ च्या ऑक्टोबरात लिख्टेन्थाल चर्चच्या शताब्दीनिमित्त त्यांनी रचलेली मिस्सा गायिली गेली. त्यांचा स्नानसंस्कार झाला होता, त्याच मंदिरात सतरा वर्षांच्या शूबर्टने तिचे संचालन केले. १८२८ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते निवर्तले. धर्मग्रामातील एका गुरूने बालवयात दिलेले धडे किती दूरवर पोहोचतात, हे आपण येथे पाहतो.