ओवी लिहिणारे पाद्री : फादर स्टीफन्स

दिंडीच्या शंभरीच्या पुस्तकात बाकीच्यांनी संतांची चरित्रं लिहिली. मी एका पाद्रीबाबांचं लिहितो. कुणी म्हणेल, बुवा, हे काय मधेच काढलं? पण माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मला ओवीनं शिकवलं. परमुलखातून येऊन ज्यांनी ओवी हातात धरली, त्यांची ओळख आपल्याला असावी.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडातला. बाप व्यापारी. तिथं त्या वेळी कॅथलिक लोकांना राज्याचा जाच होता. म्हणून ते रोमला गेले आणि १५७५ साली जेझुइट पंथात शिरले. ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून गलबतात बसले, ते २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढं चाळीस वर्षं बहुतेक गोव्यातच. परत मायदेशी गेले नाहीत.

त्यांचं काम साष्टीत. आता खरं ते सांगावंच लागतं. ते येण्याआधीच पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. मंगेश आणि शांतादुर्गा यांना भक्तांनी रातोरात नदीपल्याड नेलं, ते तिकडंच राहिले. १५८३ ला कुंकळ्ळीत लोक खवळले, पाच पाद्री मारले गेले. त्यांचे देह आणायला स्टीफन्स पुढं होते. मग सरकारनं गावच्या मुखत्यारांना बोलावून ठार केलं. ही जखम झाकून हे चरित्र सांगता येत नाही.

नवे ख्रिस्ती झालेले लोक आपल्या जुन्या पुराणांना मुकले होते. त्यांनीच मागणी केली, आम्हाला वाचायला आमच्यासारखं पुराण द्या. पाद्रीबाबांनी ते ऐकलं. लॅटिन येणारा हा पंडित माणूस, पण लोकांच्या बोलीत बसला, मराठी शिकला, कोकणी शिकला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी रचलं. आपली ज्ञानेश्वरी नऊ हजारांची, यावरून माप कळेल. त्यात मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या आहेत. पैठणला नाथमहाराजांनी १५९९ ला देह ठेवला, तेव्हा हे साष्टीत वीस वर्षं राबत होते.

ग्रंथ १६१६ ला रायतूरला छापला. बाळबोध खिळे नव्हते, म्हणून मराठी शब्द रोमी अक्षरात. १६१९ ला त्यांनी देह ठेवला. त्यांनी केलेलं कोकणीचं व्याकरण माघारी, १६४० ला छापलं.

पुढं १६८४ ला त्याच पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला, लोकांनी आपली बोली टाकावी. पण ख्रिस्ती घरांनी पुराणाच्या हातानं उतरलेल्या प्रती जपल्या. १९०७ ला मंगळूरला ते पुन्हा छापलं, १९५६ ला पुण्यात बाळबोध अक्षरात आलं.

त्यांचा देव वेगळा, वाट वेगळी. त्यांच्या राज्यानं केलं ते आपण विसरणार नाही. पण माझ्यासारख्या कीर्तनकारानं यातून एक घ्यावं. माणसाच्या काळजात शिरायचं तर त्याच्या बोलीचं दार लागतं, आणि ते दार जोरानं ढकलून उघडत नाही. राज्य गेलं, हुकूम गेला. ओवी राहिली.

रामकृष्ण हरी.