विधवेचा कारभार

होळकरांचें घराणें मूळचें नीरेकांठच्या होळ गांवचें. पण त्याचें नांव ज्यांनीं सर्वांत उजळलें, त्या अहिल्याबाई आमच्या जिल्ह्याच्या कन्या. १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चौंडीस माणकोजी शिंदे पाटलांच्या घरीं त्या जन्मल्या. २०२४ सालीं जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, तें त्यांचेंच.

१७५४ त कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले. बाई सती निघाल्या असतां सासरे मल्हाररावांनीं त्यांस आवरलें व कारभारांत घातलें. १७६६ त सासरे गेले, पाठोपाठ पुत्र मालेराव गेले. दत्तकाच्या नांवाखालीं दौलत मुठींत घेऊं पाहणारे कारभारी गंगाधर यशवंत आणि त्यांचे पाठीराखे राघोबादादा यांस बाईंनीं दाद दिली नाहीं. फौज तुकोजी होळकरांकडे सोंपवून महेश्वराहून राज्य त्यांनीं स्वतः चालविलें.

काशीचें देऊळ सर्वांस ठाऊक आहे. नागापूर-नगरच्या व्यापारी वाचकांनीं दुसरी गोष्ट ध्यानीं घ्यावी. पुढें माळव्यांत आलेल्या माल्कम साहेबानें नमूद केलें आहे कीं, निपुत्रिक सावकाराच्या विधवेचें धन लुबाडण्यास किंवा दत्तकाच्या मंजुरीसाठीं तिच्याकडून पैका उकळण्यास बाईंची साफ मनाई असे. आजही कित्येक पेढ्यांवर धन्यामागें त्याच्या बायकोस वहीसुद्धां दाखवीत नाहींत!

१७९१ त जांवई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती निघाली. स्वतः चितेवरून परतलेल्या आईनें परोपरीनें विनविलें. लेकीनें ऐकलें नाहीं. राज्य जिच्या शब्दावर चाले, तिचा शब्द घरांत रूढीपुढें हरला. १७९५ त बाई वारल्या. सतीबंदीचा कायदा बंगाल्यांत होण्यास आणखी ३४ वर्षें लागलीं.