मिठाचे कोडे आणि स्वान्ते आऱ्हेनियस

आमटीत टाकलेले मीठ जाते कोठे? दिसत नाही, पण चवीला असते. या साध्या प्रश्नामागे लागून ज्याने रसायनशास्त्राला नवी दिशा दिली, त्या स्वान्ते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचे चरित्र आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे आहे.

आऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळ झाला. वडील जमीनमोजणीचे काम करीत. उप्सालाला शिकून १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एडलुंड या शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करू लागले.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, कोरड्या मिठातूनही वाहत नाही; मिठाच्या पाण्यातून मात्र वाहते. वीज सोडली म्हणजे मीठ फुटते, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. आऱ्हेनियस यांचे मत निराळे होते. नुसते विरघळतानाच मिठाचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात, असे ते म्हणत. या विचाराचे बीज त्यांच्या १८८४ च्या प्रबंधात आहे.

विद्वानांना ते पटेना. सोडियम पाण्यात पडताच भडकतो, क्लोरीन विषारी. मग मिठाचे पाणी आपण चाखतो कसे? भारित आयन आणि मूळ अणू यांचे गुण वेगळे, हे उत्तर तेव्हा गळी उतरणारे नव्हते. प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. प्राध्यापकीची वाट जवळजवळ बंद झाली.

आऱ्हेनियस रडत बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशातील जाणकारांना धाडल्या. त्याच वर्षी रीगाहून ओस्टवाल्ड स्वतः उप्सालाला भेटीस आले. १८८७ मध्ये सिद्धांत स्पष्ट रूपात प्रसिद्ध झाला आणि १९०३ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश नागरिक.

तरी एक प्रश्न उरलाच. आयनांना खड्यातून सोडवायला लागणारी ऊर्जा येते कोठून? १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी दाखवले की मिठाच्या खड्यात आयन आधीपासूनच जाळीसारखे रचलेले असतात. १९१९ मध्ये बॉर्न आणि हाबर यांच्या कामातून या जाळीच्या ऊर्जेचा हिशेब लागला. सुमारे ५८ ग्रॅम मिठाची जाळी मोडायला जवळजवळ ७८७ किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू आयनांभोवती गोळा होतात, तेव्हा त्यांतले सुमारे ७८३ परत मिळतात. उरलेली तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते, म्हणून पाणी किंचित गार होते. कल्हईवाल्याच्या नवसागरात ही तूट मोठी, म्हणून त्याचे पाणी चांगलेच गारठते. तूट असूनही मीठ विरघळते, कारण सुटे होऊन पसरण्याकडे आयनांची ओढ असते. सिल्व्हर क्लोराइडमध्ये मात्र तूट इतकी मोठी असते की ही ओढ पुरी पडत नाही, आणि ते जवळजवळ विरघळतच नाही.

हा खुलासा होताना पाहूनच आऱ्हेनियस २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये निवर्तले.

ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, अशा आमच्यासारख्यांना गुणपत्रिका म्हणजे ब्रह्मलिखित वाटते. परीक्षकांच्या शंका खोट्या नव्हत्या, आणि आऱ्हेनियसही खोटे नव्हते. श्रेणी त्या दिवसापुरती होती. काम पुढे चालूच राहिले.